दोन दारांची खोली

“पण भिंतीला एवढंसं भोक पाडलं, तर बिघडलं कुठं, बाबा?”

दिनमणीनं करंगळीचं टोक दाखवलं.

बेटावरचे फकीर चिरागशाबाबा तळ्याकडे बघत होते. तळ्यावर धुकं उतरलं होतं. बेटाचा काठ कुठं संपतो आणि पाणी कुठं सुरू होतं, ते कळत नव्हतं. फकिराची झोपडी, चिंचेचं झाड, मागची ती बुटकी दगडी खोली... सगळं पाण्यावर तरंगत असल्यासारखं.

त्या खोलीला समोरासमोर दोन दारं होती आणि खिडकी एकही नव्हती. दारांवर जाड घोंगड्या सोडलेल्या. आत मिट्ट काळोख आणि मधोमध एक दगडी ओटा. ज्याच्याकडे असेल त्यानं ओट्यावर ठेवावं, ज्याला हवं असेल त्यानं उचलावं. आत बोलायचं नाही. बाहेर आल्यावर दुसऱ्या दाराकडे बघायचं नाही. कोणी ठेवलं, कोणी नेलं, हे बेटावर कोणालाच ठाऊक नसे. ओटा मात्र कधी रिकामा राहिला नव्हता.

दिनमणी आणि त्याचा सोबती मुरारी नेमके याचसाठी आले होते. दोघं मिळून एक ग्रंथ लिहीत होते. कोणी पाहत नसताना माणूस चांगला का वागतो, एवढाच त्याचा विषय. गावोगाव हिंडून, माणसांना विचारून, जेवताजेवता भांडून त्यांनी तो इथवर आणला होता. ग्रंथात राहील ते दोघांनाही पटलेलं, असं त्यांचं ठरलं होतं.

आणि आत पाहण्यासाठीच्या या भोकावरून अडलं.

मुरारी म्हणाला होता, “आपणच डोळा लावून बसलो, तर कोणी पाहत नाही असं उरलंच कुठं?”

दिनमणी म्हणाला होता, “तुला शास्त्र झेपत नाही. तू आपला कीर्तनं कर.”

त्यावर मुरारीनं वळकटी बांधली आणि पहाटेच घाटावर जाऊन बसला. धुकं विरलं की होडी सुटणार होती. मुरारी गेला तर ग्रंथही गेला, हे दिनमणीला आतून कळत होतं. पण माघार कशी घ्यायची? बाबांनी एकदा ‘हो’ म्हटलं, की मुरारीला परतावंच लागेल, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

“नाव चिरागशा, आणि खोलीत साधी पणती नाही,” तो म्हणाला.

“नाव आईनं ठेवलं. खोली माझ्या आधीची आहे.”

“चेष्टा नको, बाबा. पाहिल्याशिवाय कळणार कसं?”

“आत जाऊन आलास?”

“मी? मी बाहेरून सगळं मापून घेतलंय. मला द्यायचंही नाही, घ्यायचंही नाही. मी अभ्यासक आहे.”

“असा माणूस अजून बघितला नव्हता,” बाबा म्हणाले. “जाऊन ये, पंडिता. रिकाम्या हातानं मात्र जाऊ नको.”

दिनमणीनं पिशवीतून दोन केळी काढली आणि घोंगडी बाजूला सारून आत शिरला.

घोंगडी मागे पडली आणि त्याला स्वतःचा हातही दिसेना. दगडाचा गारवा... भाकरीचा, पिकल्या फळांचा वास... आपण जागे आहोत की झोपेत, असं त्याला क्षणभर वाटलं. चाचपडत त्यानं ओट्याकडे हात नेला.

बोटांना बोटं लागली.

दोन्ही हात थांबले. पलीकडे कोणीतरी उभं होतं. बिचारा भुकेला असणार, दिनमणीच्या मनात आलं. त्यानं केळी त्या हातात दिली.

पलीकडचा हात जरा घोटाळला. मग काहीतरी मऊ, कोमट, घडी घातलेलं दिनमणीच्या तळव्यावर आलं. भाकरी. त्या हातानं दिनमणीची बोटं एकेक करून तिच्यावर मिटवली... लहान मुलाची मिटवावीत तशी.

आपल्याला कोणी भुकेला समजेल, असं त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

पावलं दूर गेली. पलीकडची घोंगडी हलली.

दिनमणी आपल्या दारानं बाहेर आला तो जवळजवळ धावतच. खोलीला वळसा घातला, की माणूस दिसणार होता. धुक्यातसुद्धा दिसला असता. तो कोपऱ्यापर्यंत गेला आणि त्यानं बाबांकडे पाहिलं.

बाबांनी त्याला अडवलं नाही. त्यांनी फक्त आपले डोळे मिटून घेतले.

...

दिनमणी कोपऱ्यावर उभा राहिला. मग हळूहळू परत आला आणि चिंचेखाली बसला.

“कोणीतरी मला भाकरी दिली, बाबा.”

“खा मग.”

“कोणी दिली ते कळलं असतं तर...”

“तर काय केलं असतंस?”

“पाया पडलो असतो त्याच्या.”

“आणि नाही कळलं तर?”

दिनमणीनं भाकरीची घडी उलगडली. तळ्यावरचं धुकं वर चढू लागलं होतं. घाटाकडून वल्ह्यांचा, साखळीचा आवाज आला.

“नाही कळलं तर...” त्याचा आवाज बारीक झाला. “तर मग तो समोर येणारा कोणीही असेल. मी रागवायचं तरी कोणावर, बाबा?”

बाबांनी डोळे उघडले.

“अर्धी खा,” ते म्हणाले. “अर्धी घाटावर घेऊन जा. तिथं कोणीतरी पहाटेपासून उपाशी बसलंय.”