गोलातला शेवगा

आंबेखोलच्या फुटबॉल मैदानावर आलाच आहात, पाव्हणं, तर पश्चिमेकडचा गोल नीट बघा. उजवा खांब लोखंडी, दरसाल रंगवलेला. डावा खांब म्हणजे शेवग्याचं झाड. जिवंत. आडवी दांडी त्यालाच बांधलेली. कधी चांगला जाणारा बॉल शेंगांत अडकतो, आणि बाहेरचे संघ नाक मुरडतात. मुरडू द्या. हाफटाइमनंतर बाजू बदलतात, जाच दोघांना सारखाच.

असं सांगतात की मरगाई तालमीचा संघ नवा होता तेव्हा दोन्ही खांब सागवानी होते आणि गोलात येसबा डोणे उभा राहायचा. अंगानं रेडा, अकलेनंही त्याच्याच जवळपासचा. होळीची लाकडं पळवण्यात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्या साली पोरांनी दिसेल ते लाकूड ओढून आणलं. कुणी कुठनं काय आणलं हे होळीला विचारायचं नसतं. सकाळी राख उपसताना कळलं, आपल्याच गोलाचा डावा खांब आपणच जाळला. आणि पलीकडच्या गावचा संघ तर दुपारी यायचा होता.

मैदानाला लागूनच आनसाआत्याचं परस. तिथला शेवगा सरळसोट वाढलेला, शेंगांनी लगडलेला. आत्या बाजाराला गेलेली. येसबानं कुऱ्हाड घातली, फांद्या छाटल्या आणि खोड गोलात रोवलं. सामना म्हणे जिंकला. पोरांनी येसबाला खांद्यावर घेतलं, आणि खांद्यावरनंच त्याला कुंपणापलीकडं दिसलं, आत्या तोडलेल्या बुंध्यापाशी बसली होती.

तो शेवगा तिच्या लेकीनं, हौसानं, सासरी जायच्या आदल्या दिवशी लावला होता. हौसा पहिल्याच बाळंतपणात गेली. आत्या त्या झाडाशी बोलायची, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. येसबालाही. जिंकायच्या नादात तेवढंच नेमकं विसरला.

"आत्या, चुकलो," तो म्हणाला.

"तोडायला कुऱ्हाड आणलीस. जोडायला काय आणतोस?" एवढंच बोलून आत्या आत गेली. पुढं बुंध्याला चार कोंब फुटले, तेही शेळ्यांनी खाल्ले.

मग येसबा मरगाईपुढं नवस बोलला. गोलातल्या खोडाला पानं फुटेपर्यंत पायात वहाण घालणार नाही, आणि नदीचं पाणी रोज स्वतः आणून घालीन. तेव्हा सगळे अनवाणीच खेळायचे, त्यामुळं नवस लोकांना स्वस्तातला वाटला. पण पुढं चैत्र होता, आणि नदीची वाट काळ्या खडकाची.

"काय रं येसबा, गोलाला पाणी घालतोस व्हय? उद्या बॉलला वैरण टाक," वाटेवरचं कुणीतरी चिडवायचं.

"टाकीन की. तुझ्या दावणीची उचलून."

तो हसायचा नि घागर ओतायचा. आत्याच्या दारावरनंच वाट, पण ती तोंड फिरवायची. वैशाखात त्याचे तळवे फुटले, ताप चढला, उठवेना. पडल्या पडल्या त्याला एकच घोर, आज खोड कोरडं राहिलं. बरा होऊन, भिंत धरत धरत मैदानावर आला तर माती ओली. गोलात आनसाआत्या उभी, काखेत घागर.

"वहाणा घाल," ती म्हणाली.

खोडाच्या गाठीतनं नखाएवढी पोपटी पानं डोकावत होती. कुणाच्या पाण्यानं फुटली, ते शेवग्यालाच ठाऊक. शिकलेले लोक सांगतात, शेवग्याचं लाकूड रोवलं की फुटतंच, त्यात नवल कसलं. असेल. मग आत्या ज्याच्याशी बोलत नव्हती त्याच्याशी बोलली, ते कशानं फुटलं म्हणे?

झाडाला पुन्हा शेंगा धरल्या तेव्हा पलीकडच्याच गावाशी सामना रंगात आला होता. पेनल्टी लागलेली, समोरचा गडी धावत निघालेला, आणि आत्या शेंगा ओढायची आकडी घेऊन सरळ गोलात आली. येसबानं हात वर केला. "थांबा. लेकीच्या शेंगा तोडतीया." मग त्यानं पाठ फिरवली आणि तिच्यासाठी फांदी खाली वाकवून धरली. समोरचा गडी बॉलवर पाय ठेवून उभा राहिला. नंतर त्यानं गोल मारला, तो भाग आमच्या गावात हळू आवाजात सांगतात.

आत्या गेली, येसबा गेला. आजही माहेरी आलेली कुठलीही लेक आकडी घेऊन मैदानात उतरली की पंच शिट्टी मारतो. आमचा गोल असो नाहीतर त्यांचा, जो गोलकीपर तिथं उभा असेल तो फांदी वाकवून धरतो. आणि तिची ओटी भरेपर्यंत बॉलला कुणी पाय लावत नाही.