दोन बोटांची फट

पौषातली सकाळ होती, आणि गावावर असं धुकं उतरलं होतं की दहा पावलांवरचा लिंब असून नसल्यासारखा झाला होता. वारा नव्हता. उन्हाचा पत्ता नव्हता. पत्र्यांवरून थेंब गळत होते, तेवढाच काय तो आवाज.

"बाबा, हे धुकं खरंच पडलंय, का माझ्या डोळ्यात पडलंय?"

फकिराच्या मठीच्या, म्हणजे तकियाच्या, पायरीशी उभं राहून दादबा गवंड्यानं विचारलं.

चांदशा फकीर धुनीपुढं बसला होता. त्यानं मान वर केली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"मलाबी तसंच दिसतंय," तो म्हणाला. "म्हंजे एकतर पडलंय, न्हाईतर दोघांच्याबी डोळ्यात पडलंय."

दादबाला हसू आलं नाही.

चांदशाचा तकिया आणि दादबाचं घर यांच्यामध्ये एकच भिंत. पलीकडं खोकला आला की अलीकडं कळावा, असा शेजार. चांदशा दादबापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. गावाला जे प्रश्न कुठं न्यावेत ते कळत नसे, ते गाव त्याच्याकडं नेई. तो फारसं काही सांगत नसे. पण माणूस परत जाताना जरा हलका होऊन जाई, एवढं खरं.

"बस," चांदशा म्हणाला. मग त्याची नजर दादबाच्या खांद्यावर गेली. "पोतं पांघरून आलास? अंजिरानं शिवल्याली वाकळ हुती की तुझ्याकडं. कुठं गेली?"

दादबा बसला. हात धुनीवर धरले.

"आज गाडी येनार हाय," जरा वेळानं तो म्हणाला. "डोळ्याच्या शिबिराची. धुकं उठलं की पारापाशी लागंल. डावा डोळा ऱ्हायलाय."

"मग जा की."

"त्येच विचारायला आलोय. जाऊ का नगं?"

चांदशानं धुनीत एक लाकूड सारलं.

आता दादबाची गोष्ट अशी, की पंचक्रोशीत त्याच्या नजरेचं नाव होतं. दुसरे गवंडी भिंत बांधून झाली की त्याला बोलावत. तो भिंतीच्या टोकाला उभा राही, एक डोळा मिटे आणि सांगे, "मधी एक सूत भाईर हाय." मग दोरीचा ओळंबा सोडून बघावं, तर एक सूत बाहेर निघे. त्याच्या स्वतःच्या पेटीतही ओळंबा होता. चांगला पितळेचा. पण तो लोकांच्या समाधानासाठी. स्वतःचं घर बांधलं तेव्हा त्यानं तो पेटीतून बाहेरसुद्धा काढला नाही. माझी नजर असताना माझ्याच घराला ओळंबा कशाला, असं म्हणाला होता.

त्याच नजरेवर पुढं मोतीबिंदू चढला. दोन्ही डोळ्यांवर.

आणि गेल्या वर्षीच्या आश्विनात त्याची बायको अंजिरा गेली. मूलबाळ नव्हतं. तेरावा झाला, पाहुणे गेले आणि घर असं गप्प झालं की दादबाला स्वतःच्या भाकरीचा घास चावल्याचा आवाज ऐकू यायला लागला.

"बाबा, एक सांगतो. हसू नका."

"सांग."

"अंजिरा घरात हाय."

चांदशा हसला नाही.

"चुलीजवळ बसती. पाठमोरी. हिरवं लुगडं नेसून. पयल्यांदा दिसली तवा संध्याकाळ हुती. मी दारातनं आत आलो आन् बघितलं तर बसल्याली. मला भ्या वाटलं न्हाई. मी म्हनलो, 'आलो गं.' तवापास्नं भाईर जाताना म्हनतो, 'येतो.' आन् आलो की म्हनतो, 'आलो.' एवढंच. बाबा, दुसरं काय मागितलं न्हाई मी."

"मग?"

"मग म्हैन्यामागं शिबिरात उजव्या डोळ्याचं आपरेशन झालं. पट्टी सोडली. घरला आलो. आन्..."

दादबा थांबला. धुनीतलं लाकूड चरचरलं.

"आन् चुलीजवळ वळकटी हुती. तिच्याच वाकळंची. तेराव्याला कुनीतरी गुंडाळून ठेवल्याली, आन् वरनं तिचं लुगडं टाकल्यालं."

धुक्यातून कुणाची तरी शेळी ओरडली. दिसली नाही.

"पन उजव्या डोळ्यावर हात धरला," दादबा हळूच म्हणाला, "की डाव्याला ती दिसती. अजून दिसती. डाव्यावर हात धरला की वळकटी. एक डोळा म्हनतो हाय, एक म्हनतो न्हाई. डोळं दोन्ही माझंच. खरं कुनाचं धरू?"

"डाक्तरनं काय सांगितलं?"

"पोरगीच हाय ती डाक्तर. म्हनली, आजोबा, डावा पिकलाय, आता थांबला तर कायमचा जाईल. देवळातल्या म्हाराजांना विचारलं. म्हनले, दोन्ही डोळ्यांचं खोटंच, सगळा मनाचा खेळ. त्यांचं काय जातंय! घरी बायको हाय, सुना हायत्या. खोट्या तर खोट्या, गरम भाकरी वाढत्यात."

आता मात्र चांदशा हसला. दादबाही जरासा हसला.

"तू काय ठरवलंस?" चांदशानं विचारलं.

दादबानं पाठ ताठ केली. जुना गवंडी त्याच्या अंगात आला.

"मी बी काय येडा न्हाई, बाबा. मी पारख केली. हा नवा डोळा खोटा हाय."

"कशावरनं?"

"ह्यो मला माझी भिंत कललेली दावतो! चुलीमागची. जी मी माझ्या हातानं बांधली, चाळीस वर्सं झाली. म्हनतो, आत आलीय. माझी भिंत! जो डोळा असलं दावतो त्यो खोटा. आन् त्यो खोटा, म्हंजे डावा खरा. म्हंजे ती हाय. म्हंजे मी गाडीत बसत न्हाई."

एवढं बोलून तो थांबला. बरोबर आहे म्हणा, असं त्याच्या तोंडावर लिहिलं होतं.

चांदशानं धुनीतली राख सारखी केली. किती तरी वेळ तो राखच सारखी करत होता.

"ओळंबा लावलास?"

"कुनाला?"

"भिंतीला."

"मी?... माझ्या भिंतीला?"

"व्हय."

दादबा त्याच्याकडं बघत राहिला. लोकांसमोर कुणी टोपी उडवावी, तसं त्याला झालं.

चांदशा गुडघ्यावर हात टेकून उठला. "चल. कवापास्नं तुझ्या घरात आलो न्हाई."

घर गारठलेलं होतं. चूल पेटवलेली नव्हती. कोपऱ्यात ती बसली होती, किंवा वळकटी होती. चांदशानं तिकडं बघितलं आणि दारातच क्षणभर थांबला, जसं बाईमाणूस घरात असलं की थांबतात तसं. मग आत आला.

खाली जमिनीवर एक चटई होती. तिच्यावर दुसरं पोतं. चांदशानं तेही बघितलं.

पेटी माळ्यावर होती. दादबानं ती काढली. थापी, रंधा, सुताची गुंडी, आणि तळाशी चिंधीत बांधलेला ओळंबा. त्यानं चिंधी सोडली. पितळ काळं पडलं होतं. अंगठ्यानं घासलं तसं जरा उजळलं.

"धरा तुमी वरनं," तो म्हणाला. "माझा हात हालतोय. ह्यो लाकडाचा गुटका भिंतीला टेकवायचा आन् दोरी सोडायची. भिंत सरळ असंल तर खाली ओळंबा भिंतीला नुसता शिवतो. शिवंल. बघा तुमी."

चांदशानं चुलीमागच्या भिंतीला, डब्यांच्या फळीच्या कडेला, गुटका टेकवला. दोरी सुटली. ओळंबा हेलकावे खायला लागला.

"थांबू द्या," दादबा म्हणाला.

तो थांबत आला.

"अजून हालतोय. दोरी हालतीया."

"थांबतो."

दोघं उभे राहिले. बाहेर पत्र्यावरून थेंब पडत होते. ओळंब्याचं फिरणं लहान लहान होत गेलं... आणि थांबलं.

तो भिंतीला शिवला नव्हता.

चांदशानं मोकळ्या हातानं दादबाचा हात धरला, खाली नेला आणि त्याची दोन बोटं ओळंबा आणि भिंत यांच्यामध्ये घातली. बोटं आरामात गेली.

दादबानं ती काढली नाहीत. खाली वाकून तसाच राहिला.

"एवढी?" शेवटी तो म्हणाला. "एवढी आत?"

चांदशा फळीकडं बघत होता. फळीवर सात डबे होते. पिठाचा, डाळीचा, साखरेचा, चटणीचा, असे ओळीनं. फळी भिंतीतच बसवलेली. भिंत आत आली तशी तीही पुढं उतरती झाली होती.

"दादबा, फळी उतरती हाय. मग डबं पडत कसं न्हाईत?"

दादबानं मान वर केली. हे त्यानं कधी मनातच आणलं नव्हतं. वर्षभर तो त्यातूनच साखर घेत होता, त्यातच पीठ भरत होता. डबा काढायचा, चाचपून परत ठेवायचा.

त्यानं पहिला डबा उचलला.

डब्याच्या पुढच्या काठाखाली, फळीवर, खापराची एक चीप होती. शेणामातीनं चिकटवलेली. वरून बोटानं लिंपलेली. लिंपताना उमटलेलं बोट अजून तसंच होतं. बारीक बोट.

त्यानं दुसरा उचलला. चीप.

तिसरा. चीप.

सातही डबे त्यानं खाली मांडले. फळीवर सात चिपा राहिल्या. पिठाच्या जड डब्याला जाड, चटणीच्या हलक्याला पातळ. घासून घासून बसवलेल्या. त्याच्या हाताखाली आयुष्यभर काम केलेल्या माणसालाही इतकं नेमकं जमलं नसतं.

दादबा खाली बसला.

"एकदाच म्हनली हुती," तो म्हणाला. "लगीन होऊन दुसरं वरीस. चुलीपाशी बसूनच म्हनली, 'अवं, ही भिंत आत आलीया का? जात्यावर बसलं की डबं सरकत्यात.' मी भाकरीवरनं उठलो. म्हनलो, गवंडी तू का मी?... दोन दिवस बोललो न्हाई तिच्याशी."

"मग?"

"मग तिनं कवाच काढलं न्हाई. मला वाटलं, पटलं तिला."

त्यानं एका चिपेवरच्या त्या बोटाच्या खुणेवर आपलं बोट ठेवलं. त्याचं बोट मोठं होतं. बसलं नाही.

"बाबा, तिचं खरं हुतं. चाळीस वर्सं तिचं खरं हुतं."

चांदशानं दोरी गुंडाळली. ओळंबा चिंधीत बांधला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. मग कोपऱ्याकडं मान वळवली.

"आन् ती?" त्यानं विचारलं. "ती काय म्हनती भिंतीचं?"

दादबानं उजव्या डोळ्यावर हात धरला. डाव्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं. चुलीकडं तोंड करून, पाठमोरी, हिरवं लुगडं...

"ती काय म्हनत न्हाई."

"कवाच?"

"कवाच न्हाई. वर्सात एकदा बी न्हाई. मान बी वळवत न्हाई." त्यानं डोळ्यावरचा हात काढला. "अंजिरा कवा गप ऱ्हायली न्हाई हो. भिंतीचं सोडलं तर रोज तासभर भांडायची माझ्याशी. मिठावरनं भांडायची. येळंवर आलो न्हाई म्हनून भांडायची."

चांदशानं पिठाचा डबा परत त्याच्या चिपेवर ठेवला.

पाराकडून गाडीचा हॉर्न आला. धुकं कधी पातळ झालं ते दोघांनाही कळलं नव्हतं. दारातून लिंबाचा बुंधा दिसायला लागला होता, मग त्याच्यामागचा रस्ता, मग रस्त्यावरून पाराकडं चाललेली दोनचार म्हातारी माणसं, एकमेकांचा हात धरून.

दुसरा हॉर्न आला.

दादबा उठला. शिबिराचं कार्ड खुंटीच्या पिशवीत होतं, ती पिशवी त्यानं खांद्याला लावली. पोतं चटईवर टाकलं. दारापर्यंत गेला. उंबऱ्यावर एक पाय ठेवला आणि तिथंच अडकला. सवयीनं मान मागं वळली, तोंड उघडलं, आणि शब्द आला नाही.

तो थंडीनं कापत होता.

"बाबा," तो म्हणाला, "आता जाताना 'येतो' कुनाला म्हनू?"

चांदशानं वळकटीला हात लावला नाही. कोपऱ्याकडं नुसतं बोट केलं.

"वाकळ हाय ती, दादबा. थंडी हाय. पांघरून जा."