चौदा गलबतांचा राखणदार

फार फार जुन्या काळची ही गोष्ट. तेव्हा समुद्रावर वाटा होत्या, पण त्या वाटांना कुणी राजा नव्हता.

एका राज्याच्या बंदरातून दर हिवाळ्यात व्यापारी गलबतं दूरदेशी निघत. वाटेत एक बेट लागे. बेटावर लुटारू राहत. पलीकडच्या राजाने त्यांना लेखी परवानाच देऊन ठेवला होता : धराल ते गलबत तुमचं, त्यातला वाटा तेवढा माझा. त्यामुळे त्या लुटारूंना ना लाज होती, ना भीती.

म्हणून एका वर्षी इकडच्या राजाने चौदा गलबतांच्या सोबतीला तीन लढाऊ जहाजं दिली आणि त्यांच्यावर एक सरदार नेमला. सरदार तरणा होता, शूर होता. आजवर एकही लढाई हरला नव्हता.

राजाने त्याला विडा दिला आणि एवढंच सांगितलं, "सगळ्यांत हळू जे गलबत चालेल, त्याच्या चालीने चाल."

सगळ्यांत हळू चालणारं गलबत एका म्हाताऱ्या तांडेलाचं होतं. काथ्याने गच्च भरलेलं, जुनं, ठिगळाच्या शिडाचं. निघण्याआधी तांडेल सरदाराकडे आला आणि हात जोडून म्हणाला, "सरकार, माझं गलबत माझ्यासारखंच थकलंय. मागं पडलो तर?"

"पडा की मागं!" सरदार हसून म्हणाला. "मी आहे ना. काही गडबड झाली, तर शिडं उतरवा आणि आहात तिथंच थांबा. पळू नका. मी येतोच."

तांडेल समाधानाने परतला. त्याने ते शब्द साऱ्या गलबतांना सांगितले.

पहिले तीन दिवस सरदार सारखा मागे वळून पाही. चौथ्या दिवशी त्याला कंटाळा आला. वारा चांगला होता, जहाजं पळायला उत्सुक होती, आणि आपण मात्र गोगलगायींची वरात घेऊन निघालोय, असं त्याला वाटू लागलं. लढाईशिवाय परतलो तर दरबारात सांगायचं काय?

पाचव्या दिवशी सकाळी दूर पाण्यावर एक शीड दिसलं. तांबडं, कडेला काळा पट्टा असलेलं. बेटावरच्या लुटारूंचं जहाज! आणि तेही एकटं.

सरदाराचं रक्त उसळलं. "तिन्ही जहाजं वळवा! एक डावीकडून, एक उजवीकडून. निसटता कामा नये."

सुकाणूवर एक अनुभवी खलाशी होता. त्याने हळूच विचारलं, "सरकार, आणि गलबतं?"

"तासाभरात परत येतो. कुठं जातायत ती?"

तास गेला. दुसरा गेला. लुटारूंचं जहाज हाताशी आल्यासारखं वाटे आणि तेवढ्यात थोडं पुढे सरके. सूर्य कलला, तसं त्या जहाजाने आणखी दोन शिडं उभारली आणि ते वाऱ्यासारखं निघून गेलं. सकाळपासून त्याला केव्हाही पळता आलं असतं. ते पळत नव्हतं, सरदाराला गलबतांपासून दूर नेत होतं.

सरदाराने मागे वळून पाहिलं. मागे नुसतं पाणी होतं.

परतीला वारा उलटा होता. ते त्या जागी पोचले तेव्हा दिवस मावळत होता. लाटांवर काथ्याचे भारे तरंगत होते, एक मोडकं वल्हं होतं. बाकी काही नव्हतं. सरदाराने एक तोफ डागायला लावली. आवाज दूरवर गेला आणि विरला. कुणी उत्तर दिलं नाही.

तिन्ही जहाजं बंदरात परतली. डोलकाठ्या धड, तोफा धड, एका माणसाला ओरखडा नाही. किनाऱ्यावरच्या लोकांना वाटलं, गलबतं मागून येत असतील. ते वाट पाहत उभे राहिले. मग त्यांनी सरदाराचा चेहरा पाहिला.

कुणी शिव्या दिल्या, कुणी रडलं. म्हातारी तांडेलीण मात्र शांतपणे पुढे आली.

"सरकार, आमच्या ह्यांना तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? कसे होते ते? हात वर केला होता का त्यांनी?"

सरदाराने आठवून पाहिलं. त्याला तांबडं शीड आठवलं, त्यावरचा काळा पट्टा आठवला. तांडेलाचं गलबत काही केल्या आठवेना.

राजाने त्याला शिक्षा केली नाही. सरदाराला वाटत होतं, केली असती तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी कैद्यांची अदलाबदल झाली आणि गलबतांवरची माणसं परत आली. म्हातारा तांडेल त्यांच्यात नव्हता. बेटावरच्या कोठडीत तो तापाने गेला होता. त्याच्या एका खलाशाने सरदाराला सांगितलं, "लुटारू दिसले तेव्हा खाडी जवळ होती, सरकार. पळून वाचलो असतो. पण तांडेल म्हणाले, सरदारांनी थांबायला सांगितलंय, ते येतीलच. आम्ही शिडं उतरवून थांबलो. सगळीच थांबली."

दुसऱ्या दिवशी सरदाराने सरदारकीची वस्त्रं राजापुढे ठेवली आणि ताफ्याच्या शेवटी चालणारी एकच तोफ असलेली लहान होडी मागून घेतली.

तेव्हापासून तो दर हिवाळ्यात सगळ्यांच्या मागून निघे. पुढच्या गलबतांवर गाणी चालत, चुली पेटत, हसण्याचे आवाज येत. त्याच्यापर्यंत त्यातलं फारसं काही पोचत नसे. त्याच्या पाठीशी फक्त समुद्र असे. दूरवर कधी एखादं शीड खुणावून जाई. तो त्याच्याकडे पाही, तोफेत दारू भरून ठेवी आणि पुढच्या गलबताच्या जवळ सरके. शीड कंटाळून निघून जाई.

अशी कितीतरी वर्षं गेली. त्याच्या पुढचं एकही गलबत पुन्हा हरवलं नाही. बंदरात गलबतं लागत, बायकामुलं धावत येत, आणि सगळ्यात शेवटी त्याची होडी लागे तोवर किनारा रिकामा झालेला असे. त्याचे आभार कुणी मानले नाहीत, कारण आभार मानावेत असं काही घडलेलंच नसे. तो ओल्या वाळूवरची घराकडे गेलेली पावलं पाही, आणि होडीचा दोर बांधून एकटाच किनारा चढून जाई.

बोध : ज्याने राखण पत्करली, त्याने शिकारीला जाऊ नये.