शेंड्यावरची सभा

फार वर्षं झाली या गोष्टीला. वादळात मोडलेल्या उंबरावर पुन्हा वस्ती बसवायची म्हणून शेंड्यावर सभा भरली, तेव्हा एका भित्र्या खारीला एक बारीकशी गोष्ट खटकली. माना डोलावणाऱ्या सगळ्यांना पंख होते.

सुतारपक्ष्यानं बेत मांडला. "फार उंच नको, फार दाटी नको. मधल्या खोडावर ढोल्यांच्या तीन ओळी. पोपट, साळुंक्या, पिंगळे, सगळ्यांची सोय होईल. खोड डगमगू नये म्हणून मुळाशी असलेलं बीळ पाकोळ्यांनी आज सकाळीच चिखलानं लिंपून टाकलंय."

"अहो, पण तिथं बेडूकआजोबा राहतात!" खार म्हणाली.

"मग सभेला का नाही आले?" पोपट म्हणाला. "आणि तुझं काय सांगावं बाई, तू पान पडलं तरी दचकतेस!"

सगळे हसले. खार मात्र सरसर खाली धावली. चिखल उन्हानं कडक होत आला होता. तिनं नखांनी उकरत हाका मारल्या, "आजोबा! अहो आजोबा!" आतून हूं नाही की चूं नाही. तेवढ्यात सुतारपक्षी मागोमाग उतरला आणि चोचीनं चिखल फोडू लागला. बोटभर भोक पडलं.

"आजोबा!"

"आलो गं, आलो," आतून दमलेला आवाज आला. "चढायला वेळ लागतो, म्हणून सभेला सकाळीच निघालो होतो. पण दारच सापडेना."