घोरपड्यांचा फाटका आवाज

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये बाकावर उभं राहून घसा बसेपर्यंत तुम्ही कधी ओरडला आहात का? पंचेचाळीस वर्षांपूर्वी कोल्हापुरात सुधन्वा घोरपडे गिटार घेऊन स्टेजवर आला, की पोरं तसंच करायची.

आता सुधन्वा बहात्तरचा झाला होता आणि त्याला कानाच्या मशीनची जाहिरात मिळाली होती. आधी त्याला हसूच आलं. पण ती बाकांवरची पोरंही आता कानामागे हात धरून "काय म्हणालास?" असं विचारत होती. त्यांच्यासाठी एकदा पुन्हा गायला मिळेल, एवढीच त्याची आस होती.

स्टुडिओत त्याने जुन्या गाण्याची एक ओळ म्हटली. कंपनीचे मालक पारसनीस यांनी नाक मुरडलं.

"घोरपडे, आवाज पार फाटलाय तुमचा. तुम्ही नुसते ओठ हलवा. आवाज पंचविशीतल्या गायकाचा घालू."

सुधन्वाला ते फार लागलं. तरी तो शांतपणे म्हणाला, "घाला की साहेब. पण दुकानात मशीन कानाला लावल्यावर गिऱ्हाईकाला हीच जाहिरात दाखवणार ना?"

"अर्थात!"

"मग समोर माझं हे सुरकुतलेलं तोंड आणि कानात कोवळ्या पोराचा आवाज. मशीन बिघडलंय म्हणून तिथंच काढून ठेवतील की! माझी खरखर जशीच्या तशी ऐकू आली, तरच मशीन चांगलं म्हणतील."

पारसनीसांनी चष्मा काढून पुसला आणि त्या गायकाला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुधन्वाने ते गाणं स्वतःच्या आवाजात पूर्ण गायलं.