शंखात ठेवलेला नकार

एका राज्यात वेशीच्या दाराला कडी नव्हती, कुलूप नव्हते, पहारेकऱ्याच्या कमरेला किल्ली नव्हती. दार राजाच्या शब्दाने उघडे आणि राजाच्याच शब्दाने मिटे. निदान राणी शर्वाणी तसे मानत होती. रोज सकाळी ती तटावर येऊन हात उंच करी, दूर खाऱ्या डोंगरावर शंख वाजे, दार उघडे. त्या डोंगरावर सात राज्यांनी मिळून बसवलेले नऊ मांत्रिक राहत. शंख ही त्यांची मानवंदना आहे, असे तिला लहानपणी सांगितले होते. एरवी राणी प्रत्येक गोष्ट पडताळून पाही. ही तेवढी पाहिली नव्हती.

त्या राज्यातली माणसे मोठी रीतीची. वेशीवर आलेल्याला नाव विचारण्याआधी तटावरून शिंकाळ्यात गूळ आणि पाण्याचा तांब्या सोडत. मात्र ज्याच्यासाठी दार उघडत नसे, त्याच्याकडे कोणी पाहत नसे. माघारी जाणाऱ्याची पाठ पाहणे हा त्याचा अपमान, असे ते समजत आणि सारे तोंड फिरवून बसत. सकाळी माळावर माणूस नसे. एक नवा धोंडा मात्र उभा असे. लोक म्हणत, देव प्रकटला. मग शेंदूर लावत, नारळ फोडत. दरवर्षी पहिले बोट राणीचे असे.

वैशाखातल्या एका सकाळी वेशीपुढे धूळ उठली. राणीची एकुलती एक कन्या ऋतंभरा, जी राजदूत म्हणून सात राज्यांपलीकडच्या ताम्रनगरीस गेली होती, ती परत आली होती. ताम्रनगरी जळून गेली होती. कन्येच्या मागे तिथली चाळीस माणसे होती, आणि सर्वांच्या मागे, एकटा, राणीचा धाकटा भाऊ रणधवल.

राणीने हात उंच केला. शंख वाजला नाही. दार उघडले नाही.

"अमात्य, दार का उघडत नाही?"

वृद्ध अमात्य भवशर्म्याने तोंड फिरवले होते. "महाराणी, आपणही तिकडे पाहू नये. त्या नऊंच्या यादीत ही नावे नसावीत."

"यादीत? भवशर्मा, ती माझी मुलगी आहे. हे माझे दार आहे."

"दार आपलेच आहे, महाराणी," अमात्य भिंतीकडे पाहत म्हणाला. "शब्द त्यांचा आहे. आपल्या आजोबांच्या काळापासून. मला वाटले, आपल्याला ठाऊक आहे."

राणीने तोंड फिरवले नाही. साठ वर्षांत तटावरून माळाकडे पाहत राहिलेली ती पहिली. दिवसभर ती पाहत राहिली. वेशीपुढे प्रवेश मागितलेल्याचे पाऊल उत्तर मिळेपर्यंत हलत नाही, हे तिला दुपारी कळले. ऋतंभरा दोन्ही हातांनी स्वतःची पोटरी ओढत होती. सूर्य बुडाला, आणि एकेचाळीस माणसांचे आणि तिच्या मुलीचे पाय घोट्यापर्यंत दगड झाले.

राणीने माळावर नजर फिरवली. शेकडो धोंडे. शेकडो शेंदूर लावलेली कपाळे. तिने स्वतःचे बोट नाकाशी नेले आणि तिथेच तटाला धरून खाली बसली.

तेव्हा तटावर एक टिटवी बोलली, "पहिल्या मावळतीला घोटे, दुसऱ्या मावळतीला कंबर, तिसऱ्या मावळतीला मस्तक. बसायला वेळ नाही, राणी."

"तुला हे ठाऊक होते?"

"मी रोज ओरडते. तुम्ही म्हणता, टिटवी अशुभ ओरडते."

बाहेर जाणाऱ्याला दार कधीच अडवत नसे. राणी घोड्यावर बसून बाहेर पडली. परत येताना आपल्यासाठी तरी ते उघडेल का, हे तिला ठाऊक नव्हते. मुलीजवळ ती क्षणभर थांबली.

"आई, थंड वाटतं," ऋतंभरा म्हणाली. "दुखत नाही. त्याचीच भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी सकाळी टिटवीमागून राणी खाऱ्या डोंगरावर पोहोचली. नऊ मांत्रिक नऊ मिठाच्या आसनांवर बसले होते. त्यांच्या डोळ्यांवर पापण्या नव्हत्या, पण ते फक्त हातातल्या ताडपत्रांकडे पाहत होते.

"शब्द परत द्या," राणी म्हणाली.

"तीन कामे," सर्वांत वृद्ध मांत्रिक म्हणाला. "पहिले. हे सात शंख, सात राज्यांचे. तुझा ओळख."

राणीने एकेक शंख कानाला लावला. सहा शंखांतून आज्ञा निघत होत्या, स्पष्ट आणि सारख्या. सातव्यात बोलण्याआधी कोणीतरी घसा खाकरत होते. तो खाकरा तिने सहा वर्षांची असताना आजोबांच्या मांडीवर बसून ऐकला होता.

"हा. पण तुम्ही तो चोरला कसा?"

नऊही हसले. "चोरला? तुझा आजा, सोमकेतू राजा, पायी चालत आला होता. साथीच्या वर्षी त्याने सख्ख्या बहिणीला वेशीवरून 'नाही' म्हटले. ती गेली, ती रानात मेली. म्हणाला, हा शब्द माझ्या तोंडात नको. आम्ही म्हटले, 'नाही' ठेवलेस तर 'ये'ही ठेवावे लागेल. दोघांना जीभ एकच. तो आनंदाने ठेवून गेला."

वाटेत तिने चोरांसाठी वाक्ये जुळवून ठेवली होती. ती सारी वाया गेली.

"दुसरे काम. या शंखातला प्रत्येक नकार ऐक. कानापासून दूर करशील तर तो कायमचा आमचा."

राणीने ऐकले. कुंभारीण होती, दोन जुळे भाऊ होते, पुरात गाव गेलेला एक शिंपी आपली सुई दाखवत होता. एक हेर होता, तोही ऐकला. साऱ्याच नकारांत अन्याय होता असे नव्हते, आणि हे मान्य करणे तिला सर्वांत जड गेले. प्रत्येकामागून आजोबांचा आवाज येई, नाही; आणि त्यानंतर परत फिरलेली पावले कधीच वाजत नसत. ऐकता ऐकता दुसरा सूर्य बुडाला. तिकडे माळावर तिची मुलगी कमरेपर्यंत दगड झाली, हे तिला न सांगता कळले. तिने शंख सोडला नाही. पहाटे तो रिकामा झाला.

"नकार दिलात, मग पाय का सोडले नाहीत?" तिने विचारले.

"आम्ही नकार शंखात देतो. तो माळावर ऐकू जात नाही. वाट पाहणारा वाट पाहत राहतो." वृद्ध मांत्रिक प्रथमच थोडा अडखळला. "पण राणी, साठ वर्षांत सात राज्यांत युद्ध झालेले नाही. त्याआधी राजे एकमेकांच्या वेशी जाळत, आणि पळणाऱ्यांना त्याच आगीत परत ढकलत. ते विसरू नकोस."

"विसरणार नाही. जिवाच्या भयाने आलेल्याला आगीत परत ढकलायचे नाही, हे सातांचे वचन आहे. ते माझ्यावर बंधन राहील. मी मोडले, तर सहा राजांनी मला जाब विचारावा. पण दाराशी कोण उभे आहे, ते इथून दिसत नाही."

"मग तिसरे काम ऐक. आज सूर्य बुडण्याआधी वेशीवर उभी राहा. तोंडाने 'ये' म्हण आणि तोंडाने 'नाही' म्हण, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून. फक्त 'ये' म्हटलेस, तर दार पुन्हा मिटणार नाही. फक्त 'नाही' म्हटलेस, तर पुन्हा उघडणार नाही."

शंख उराशी धरून राणी परतली तेव्हा सूर्य माळाला टेकत होता. तिने शंख वेशीच्या उंबऱ्यावर फोडला आणि ताम्रनगरीच्या माणसांपुढे उभी राहिली. एकेकाचे नाव विचारले, एकेकाच्या डोळ्यांत पाहिले. चाळीस वेळा ती म्हणाली, "ये." चाळीस वेळा दगड ओल्या मातीसारखा गळून पडला. मग मुलीला म्हणाली, "ये." आणि उरला रणधवल.

"ताई," तो म्हणाला, "मला विचारणार नाहीस?"

"ताम्रनगरी कुणी जाळली?"

चाळीस माणसे उंबऱ्याशी गोठल्यासारखी थांबली. रणधवलने डोळे खाली घातले नाहीत. "मी. सातांबाहेरच्या एका राजाची चाकरी होती. त्याचा हुकूम झाला, मी मशाल लावली. काम झालं, त्यानं मला हाकललं."

"तुझ्यामागे कुणी लागलंय? जिवाला भय आहे?"

"नाही. फक्त घरी यायचं आहे."

"आई!" ऋतंभरेने तिचा हात घट्ट धरला. "मामानंच मला आगीतून खांद्यावर बाहेर काढलं. त्याच्या पाठीची कातडी बघ. तो नसता तर मी आज इथे नसते."

राणीने भावाची पाठ पाहिली. मग त्या चाळिसांकडे पाहिले. त्यांतली एक म्हातारी मातीत बसली होती. रणधवल बोलू लागल्यापासून तिने दोन्ही हातांनी नातवाचे कान झाकून धरले होते. सूर्याची एक कड उरली होती. आजोबांचा खाकरा राणीच्या स्वतःच्या घशात आला, आणि तिला प्रथमच कळले, की ते डोंगरापर्यंत का चालत गेले असतील.

"नाही," ती म्हणाली.

रणधवल म्हणाला, "हे तुझं उत्तर, की त्या नऊंचं?"

"माझं."

"मग ठीक," तो म्हणाला. "त्यांचं असतं, तर मी इथेच थांबलो असतो."

त्याच्या कमरेचा दगड गळाला. राणीने आपला घोडा त्याला दिला. तो उत्तरेच्या वाटेने निघाला. एकदाही वळला नाही. सूर्य बुडाला, आणि माळावरच्या साऱ्या धोंड्यांनी एकदम श्वास घेतला. तटावर प्रथमच माळाकडे वळलेल्या भवशर्म्याने मोठ्याने हंबरडा फोडला.

दुसऱ्या दिवसापासून राणी वेशीवर घोंगडीवर बसली. साठ वर्षे थांबलेल्यांची रांग लागली होती. कुणाला "ये" मिळाले, कुणाला "नाही". पण उत्तर मिळून प्रत्येकाचे पाऊल उचलले. दार राजाच्या शब्दाने उघडू लागले आणि मिटू लागले. वर्षातून एकदा सात राजे खाऱ्या डोंगरावर जमत आणि आपापल्या नकारांचा जाब देत. शाप संपला, राज्याची घडी बसली.

ऋतंभरा मात्र महिनाभर आईशी बोलली नाही. महिन्याने ती वेशीवर आली. राणीचा घसा बसला होता. समोरच्या कुंभारणीला ती काय विचारते आहे, ते ऐकू येत नव्हते.

ऋतंभरा घोंगडीच्या कडेवर टेकली. मग म्हणाली, "सरक, आई. उरलेल्यांना मी विचारते."