चिमणीचं देवक

माणदेशातल्या इनामदारांच्या कुत्रेखान्यात ठकूबाई धनगरीण आपली कुत्री चिमणी घेऊन भरदुपारी शिरली आणि तिच्या अंगावर काटा आला. आत कारवानी जातीची अकरा शिकारी कुत्री होती, पण एकही भुंकलं नाही. सगळी पांढुरकी, काचेसारख्या डोळ्यांची. पिल्लं भिंतीकडे तोंड करून बसलेली. तिनं टाळी वाजवली, पण एकाचाही कान हलला नाही.

"बघ, शुद्ध रक्त!" इनामदार म्हणाले. "सात पिढ्या घरातल्या घरात जुळवल्यात. तुझी चिमणी इथूनच नेलेली, आमच्या ह्या वाघ्या कुत्र्याची सख्खी बहीण. वाघ्याशी जुळवायला तिला इथंच सोड, नाहीतर माझ्या कुरणातून मेंढरं बाहेर काढ. का त्या केसाळ कानांच्या पश्मी कुत्र्याला द्यायचीय?"

"नाही सरकार. पश्मी चुलत घराणं, त्याची जात वेगळी. कारवानीला कारवानीच हवा, पण सख्खा भाऊ नको."

"जनावराला कसलं आलंय नातं!"

ठकूबाईनं चिमणीला पोटाशी धरलं. "सरकार, धाकल्या मालकांची सोयरीक तीनदा का मोडली?"

"तिन्ही वेळा दोन्ही घरांचं देवक, कुळाचं चिन्ह, एक निघालं. म्हणजे भाऊबहीणच की! वंशाला कीड लागली असती."

"देवकाच्या लांबच्या नात्याला एवढं भ्यालात, सरकार. मग इथं सात पिढ्या काय पेरलंत?"

इनामदारांनी एकेका पिल्लाकडे पाहिलं. मग फाटक उघडलं आणि चिमणीला वाट दिली.